दोनांतलं एक

माझे बाबा झेफानिया सुतारकाम करायचे. आठवडाभर खुर्च्या, बाकं, खाटा, आणि कुणाच्या घरी वेळ आली तर शवपेटी. रविवारी मात्र ते टेकडीवरच्या चर्चमध्ये वाचक असायचे. कंपालापासून लांब असलेल्या आमच्या नाकिबांगा गावाला रेव्हरंड महिन्यातून एकदाच मिळत. त्यांच्याकडे चार गावं होती आणि मोटरसायकल एकच, तीही तापट. उरलेल्या रविवारी बाबाच वाचन करायचे आणि वाचून झालं की प्रवचनही. त्यांचा आवाज असा होता की ते नुसती लग्नाची सूचना वाचायचे, तरी मागच्या बाकावरच्या बायका डोळे टिपायच्या.

त्या वर्षी बाबांना घरातलीच एक काळजी लागली. माझ्या धाकट्या जुळ्या बहिणी, बाबिर्ये आणि नाकातो, तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. एका उकडलेल्या अंड्यावरून दोघींची अशी जुंपली की ते अंडं आईकडे माप द्यायला आलेल्या एका बाईच्या कानात जाऊन बसलं. आई गणवेश शिवायची. ती बाई चार गणवेशांचं काम घेऊन आली होती, ते घेऊनच परत गेली.

"ही पोरं कंजूष होत चाललीत," बाबा त्या रात्री जेवताना म्हणाले. "ख्रिस्ती घरातली मुलं कशी हवीत? देणारी! दिल्याशिवाय घास गोड लागू नये अशी."

"आधी घरात अंडी दोन आणत जा," आई म्हणाली.

"नालोंगो, गंमत नाही ही." जुळ्यांच्या आईला आमच्याकडे नालोंगो म्हणतात आणि बापाला सालोंगो, जुळी झाल्यापासून दोघांची खरी नावं जवळजवळ बादच झाली होती. "हे बाळकडू घरातच पाजावं लागतं."

म्हणून पुढच्या रविवारी बाबांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं वचन निवडलं. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा. बाबा त्यावर पाऊण तास बोलले. "तुमच्या घरात दोन काय काय आहे ते बघा!" असं म्हणताना त्यांनी झग्याच्या बाहीने स्वतःचेच डोळे पुसले. सगळं चर्च हेलावलं. मंडळी बाहेर पडली आणि नेहमीसारखी आपापल्या घरी जाऊन जेवली.

पण पहिल्या बाकावर माझ्या बहिणी बसल्या होत्या आणि त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली होती.

सोमवारी आमच्या दोन पातेल्यांतलं मोठं पातेलं गेलं. मंगळवारी दोन कंदिलांतला एक, आणि तो नेमका काच न फुटलेला. आईने विचारलं तर बाबिर्ये शांतपणे म्हणाली, "दोन होते." नाकातो म्हणाली, "बाबांनी सांगितलंय." आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

बुधवारी बाबा कामावर निघाले तर त्यांची एकच चप्पल जागेवर.

"डावी कुठाय?" बाबा ओरडले.

"कालुले काकांना दिली," नाकातो म्हणाली.

कालुले चौकात पंक्चर काढायचे. लहानपणीच त्यांचा उजवा पाय गेला होता. बाबा एका पायात चप्पल आणि एका पायात राग घेऊन चौकात गेले. मीही मजा बघायला मागोमाग गेले. कालुले पाण्याच्या घमेल्याजवळच्या ठोकळ्यावर बसून नवी चप्पल न्याहाळत होते.

"सालोंगो!" ते म्हणाले, आणि त्यांनी चक्क बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "वीस वर्षं लोक मला जोड देतायत. दर नाताळाला जोड. घरात उजव्या चपलांचा ढीग पडलाय, टाकवत नाही आणि घालता येत नाही. विचार करून दिलं ते तुमच्या पोरींनीच. डावीच आणली! कसलं वळण लावलंय हो!"

बाजूची दोन माणसं मान हलवून "खरंय, खरंय" म्हणाली. बाबांनी हात सोडवून घेतला. ते म्हणाले, "देवाची कृपा," आणि एक पाय अनवाणी घेऊन कामावर गेले. संध्याकाळी कालुलेंनी उजव्या चपलांचं पोतंच आमच्या घरी पाठवून दिलं. त्यातली एक बाबांच्या मापाची होती, पण तीही उजवीच.

त्यानंतर घरात धास्तीच बसली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि माझ्याकडे दोन स्वेटर होते. खरं सांगायचं तर द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी दोन्ही एकावर एक घालून शाळेत जायला लागले. घामाने जीव जायचा, पण स्वेटर वाचले. घरी आले तर आई दोन झगे घालून शिवणयंत्रावर बसलेली. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी घाम पुसला. बाबा दोन शर्ट घालून रंधा मारत होते.

"लाज नाही वाटत?" आई त्यांना म्हणाली. "वाचक ना तुम्ही?"

"तू किती झगे घातलेस ते आधी सांग."

"मी प्रवचन दिलं नव्हतं!"

पण दोन पँटी काही एकावर एक चढत नव्हत्या. बाबांची रविवारची तपकिरी पँट आईने स्वतः शिवलेली, इस्त्री करून गादीखाली ठेवलेली. गादीखाली म्हणजे सुरक्षित असं बाबांना वाटलं.

सुगीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये लोक शेतातलं काही ना काही आणतात. केळ्यांचे घड, रताळी, पाय बांधलेल्या कोंबड्या, अंडी, एखादी बकरी. सगळं वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना संपली की बाहेर आंब्याखाली त्याचा लिलाव. बाबा त्या दिवशी सकाळपासून पँट शोधत होते. शेवटी जुनी, बुडावर ठिगळ असलेली घालून त्यावर वाचकाचा पांढरा झगा चढवला आणि आले. झगा आहे तोवर ठीक होतं.

लिलाव रंगात आला होता. चर्चच्या खजिनदारांनी एक कोंबडा विकला, फणस विकला, मग पोत्यातून काहीतरी तपकिरी काढून वर धरलं.

"आता ही पँट! एकदम कडक इस्त्री! कुणीतरी मोठ्या मनाने दिलीय, नाव सांगितलेलं नाही. बघा, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात ते हे!"

बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. बकरीनेही मान वळवून बघितलं.

"दोन हजार शिलिंग!" बाबा ओरडले.

"तीन," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे वळले. मागे छत्री टेकून मॅडम लोविसा उभ्या होत्या. या आमच्या शेजारीण. एकतीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिरगाळलेले, बाबांचे तर दोन्ही. लग्न केलं नाही, कुणाकडे जेवायला जाणं नाही, कुणाला घरात घेणं नाही. त्यांच्या फणसाच्या झाडाची एक फांदी आमच्या अंगणात झुकलेली होती आणि तिच्यावरचे फणस त्या रोज खिडकीतून मोजायच्या. लिलावात त्यांनी आजवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

"चार," बाबा म्हणाले.

"सहा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला काय करायचीय पुरुषाची पँट?" बाबा काकुळतीला आले.

"झेफानिया, मधे बोलायचं असेल तर हात वर कर."

आणि देवाशपथ सांगते, बाबांनी हात वर केला. खजिनदारांना वाटलं की ही सात हजारांची बोली. मॅडम म्हणाल्या, दहा. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने नाही अशी मान हलवली. पँट मॅडमच्या छत्रीवर लटकून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कशासाठी हवी होती ते कळलं. माकडं फणस फोडत होती. मॅडमनी पँटीत वाळका चारा भरला, वर एक मडकं बसवलं आणि तो माणूस झाडावर बांधून टाकला. आमच्या दारातून बाहेर पडलं की समोरच बाबांची पँट. माकडांना ती फार आवडली. गुरुवारपर्यंत त्यांनी तिचा एक पाय नेला, शनिवारपर्यंत दुसरा.

बाबांनी जुळ्यांना समोर बसवलं. मला आठवतंय, त्यांनी आवाज चढवला नाही. शेवटी वचन त्यांचंच होतं.

"हे बघा बाळांनो, देणं चांगलंच. पण देण्यालाही डोकं लागतं. दुसऱ्याची वस्तू उचलून दिली तर त्याला दान म्हणत नाहीत. जे आपलं आहे ते द्यावं. ज्याच्याकडे ते अजिबात नाही त्यालाच द्यावं. आणि जे दिल्यावर आपल्याला थोडं दुखेल, तेच खरं देणं. कळलं?"

"कळलं," दोघी एकदम म्हणाल्या. बाबा समाधानाने उठले. आई मागून पुटपुटली, "आता काय जातंय कुणास ठाऊक."

सोमवारी दुपारच्या सुटीत मी शाळेतून घरी आले आणि आम्ही जेवायला बसलो. मटोके, म्हणजे शिजवून कुस्करलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण. ताटं पाच, माणसं चार.

"नाकातो कुठाय?" आईने विचारलं.

"दिली," बाबिर्ये म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण चेहरा फार मोठं काम केल्यासारखा.

"दिली म्हणजे?"

"आम्ही दोन होतो. मॅडम लोविसांकडे एकही नाही. आम्ही आमच्याच आहोत. आणि दुखतंय." तिने घास घेतला. "शेंगदाण्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, प्रेषितांनी टाकल्या होत्या तशा. तिचा शेंगदाणा किडका निघाला."

बाबा घास तसाच टाकून पळाले. आई मागे, मी तिच्या मागे. मॅडमच्या दारात गेलो तर नाकातो खुर्चीवर बसलेली, पाय जमिनीला न टेकणारे, पुढ्यात बशी भरून फणसाचे गरे. शेजारी तिचं गाठोडं. मॅडम समोर बसून गऱ्यांतल्या आठळ्या काढून देत होत्या. मॅडम लोविसा! गरे!

"मॅडम, माफ करा," बाबा धापा टाकत म्हणाले. "पोरीचा गैरसमज झालाय. तिला घेऊन जातो."

"गैरसमज कसला?" मॅडम म्हणाल्या. "पोरगी आली, दारात गुडघे टेकून बसली, व्यवस्थित नमस्कार केला आणि म्हणाली, आईबाबांच्या घरून ही भेट. मी स्वीकारली. भेट परत मागायला आलास? तेही वाचक असून?"

"पण मॅडम, ती मुलगी आहे!"

"मला दिसतंय. एकतीस वर्षं मुलंच बघितलीत मी." मग त्या नाकातोकडे वळल्या. "तुला जायचंय का गं?"

नाकातोने तोंडातला गरा गिळला, थोडा विचार केला. "दिलेलं परत घेत नाहीत," ती म्हणाली. गाठोडं मात्र तिने उचलून मांडीवर घेतलं.

मॅडमचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. त्या हट्टाला पेटल्या होत्या, आणि त्या चेहऱ्यावर अशी भीतीही होती की आता खरंच घेऊन जातील. बाबांना ती दिसली नसावी. आईला दिसली. आईने बाबांची बाही धरून त्यांना मागे ओढलं.

"मॅडमचं बरोबर आहे," आई म्हणाली.

"नालोंगो! वेड लागलंय का?"

"दिलं ते दिलं. पण मॅडम, तुम्हीच आम्हाला शाळेत शिकवलंत, जुळ्यांत दुजाभाव करू नये, घर जळतं म्हणतात. एकीला इथे गरे आणि दुसरीला घरी मटोके, हे बरं दिसेल का?"

"मी असलं काही शिकवलेलं नाही. ही अंधश्रद्धा आहे," मॅडम म्हणाल्या. "पण बरं नाही दिसणार."

अर्ध्या तासात आईने बाबिर्येचं गाठोडं बांधून तिलाही पोचवलं. बाबा अंगणात डोकं धरून बसले. "दोघी गेल्या! अगं, निदान एक तरी ठेवायची!"

"थांबा हो," आई म्हणाली. "मी त्यांना सहा वर्षं सांभाळलंय. मॅडमना अजून एक दिवसही झालेला नाही."

मॅडमच्या घरात आजवर कुणी शिरलेलं नव्हतं, म्हणून तिथे काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. बहिणींना पहिल्या संध्याकाळीच कळलं. एकतीस वर्षांत प्रत्येक वर्गाने, प्रत्येक पालकसभेने, प्रत्येक निरोप समारंभात दिलेल्या भेटी मॅडमनी जपून ठेवल्या होत्या, बहुतेक कागदही न फाडता. भिंतीवरची घड्याळं अकरा. घोंगड्या चौदा. थर्मास सहा. चहाचे कप किती ते मोजता मोजता जुळ्यांना झोप लागली.

मंगळवारी सकाळी मॅडम अंघोळीला गेल्या तेवढ्यात पहिलं घड्याळ खजिनदारांकडे गेलं. मॅडम बाहेर आल्या आणि गरजल्या, "माझं घड्याळ!"

"अकरा होती, मॅडम," बाबिर्ये म्हणाली.

"म्हणून काय झालं? ती मला दिलेली आहेत!"

नाकातोने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मग उघडली का नाहीत?"

हे मला नाकातोनेच पुढे सांगितलं: मॅडमनी ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळूनच एका घड्याळावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "एकटीला किती वेळा वेळ बघायची असते गं," आणि खाटेवर बसल्या. मग उठून त्यांनी फडताळ उघडलं आणि म्हणाल्या, "द्यायचंच असेल तर यादी करून. गोंधळ मला चालणार नाही."

दोन दिवस नाकिबांगात दुसरा विषय नव्हता. मॅडम लोविसा छत्री घेऊन पुढे, मागे डोक्यावर घोंगड्या घेतलेल्या जुळ्या. दार वाजवायचं, आत कोण कोण आहे ते विचारायचं, वस्तू हातात ठेवायची आणि वर दटावायचं: "वापरायची. ठेवून द्यायची नाही. मी तपासायला येईन." कालुलेंना थर्मास मिळाला. ज्या बाईच्या कानात अंडं गेलं होतं तिला बारा कप मिळाले. ती चारही गणवेश घेऊन पुन्हा आईकडे आली.

घड्याळांनी मात्र घोटाळा केला. गावात आजवर चालणारं घड्याळ एकच होतं, चर्चमधलं. आता अकरा घरांत अकरा, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटेना. बुधवारच्या प्रार्थनेला लोक चारपासून सहापर्यंत येतच राहिले. प्रत्येक जण दुसऱ्याला उशीर झाला म्हणून रागावत होता. बाबांनी सुरुवातीची प्रार्थना पाच वेळा म्हटली.

गुरुवारी संध्याकाळी मॅडम आमच्या दारात आल्या. एका हाताला बाबिर्ये, एका हाताला नाकातो. मॅडमची छत्रीही गेली होती.

"नालोंगो, घे गं बाई तुझ्या पोरी," त्या म्हणाल्या. "आता माझ्याकडे एक खाट, एक पातेलं आणि मी. आज सकाळी या माझ्या चष्म्याकडे बघत होत्या. काचा दोन आहेत म्हणे."

"परत देताय?" बाबांनी विचारलं. त्यांना हसू दाबता येईना. "पण मॅडम, भेट परत..."

"झेफानिया!"

बाबांचा हात आपोआप कानाकडे गेला.

आईने पाट सरकवला. "बसा. जेवूनच जा."

मॅडम नको म्हणतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्या उभ्या राहिल्या, आमच्या ताटांकडे बघितलं, मग बसल्या. आईने वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाल्या, मीठ कमी आहे. मग तीन वेळा वाढून घेतलं. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "सुटीत पाठवत जा दोघींना. मोठीलाही पाठव. दोन स्वेटर घालून फिरते, तिला काहीतरी झालंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वरचा स्वेटर माझ्या बाकावरच्या एका मुलीला दिला. फार उदार झाले म्हणून नाही. मॅडमना कळलंय म्हणजे आता सगळ्या गावाला कळणार म्हणून. पण तिने तो घातला आणि बाही ओढून ओढून वर्गाला दाखवली, तेव्हा मला बरं वाटलं, आणि गारही.

पुढच्या रविवारी काय वाचायचं हे आईने ठरवलं. बाबांनी डोंगरावरच्या उपदेशातलं एक वचन सुचवलं, आईने ते हाणून पाडलं. त्यातलंच दुसरा गाल पुढे करण्याबद्दलचं सुचवलं, तर तिने जुळ्यांकडे नुसतं बोट दाखवलं. शेवटी तिने स्वतः पवित्र शास्त्र उघडून एक लांबलचक वंशावळ काढली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. "हे वाचा," ती म्हणाली. "यात कुणाला काही करण्यासारखं नाही."

बाबांनी ती वंशावळ अशी वाचली की मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळे टिपले. पहिल्या बाकावर जुळ्या टक लावून ऐकत होत्या. घरी येताना, टेकडी उतरता उतरता, बाबिर्येने बाबांचा हात ओढला.

"बाबा, त्या सगळ्यांना मुलगे झाले."

"हो, झाले."

"मग आम्हाला भाऊ कधी?"

आई इतकी हसली की तिला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. मॅडम लोविसा मागून येत होत्या, त्या म्हणाल्या, "रस्त्यात काय हा तमाशा," आणि त्याही बसल्या.

पुढच्या वर्षी भाऊ झाला. जुळ्यांच्या पाठीवरच्या मुलाचं नाव आमच्याकडे किझ्झाच ठेवतात, त्यामुळे नावावरून भांडण झालं नाही. बाबांनी त्यालाही लहानपणापासून सगळी शिकवण दिली, अगदी तीच, पण त्याने कधी कुणाला पेन्सिलसुद्धा दिली नाही. तो आता कंपालात बँकेत आहे. आई म्हणते, असू दे, घरात एक तरी तसा हवा.